हिरव्या बटणाचा मान

"पहिलं बटण कोण दाबणार?" मालक दादासाहेबांनी विचारलं आणि शेडमधल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

नारळ फोडून झाला होता, खोबरं वाटून झालं होतं. शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या 'मगदूम इंजिनिअरिंग'मध्ये पहिलावहिला सीएनसी लेथ आला होता, त्याची ती पूजा. साध्या लेथवर टर्नर हाताने चाकं फिरवत लोखंड कातत जातो. या नव्या मशीनला मात्र त्याच्या भाषेत ओळीखाली ओळ लिहून द्यायची. हत्यार कुठं ने, किती वेगानं ने, किती खोल काप, कधी परत ये. मग एक हिरवं बटण दाबायचं, की पुढचं सगळं ते आपलं आपण करतं. ही भाषा येणारी शेडमध्ये एकच व्यक्ती होती, ती म्हणजे मी. सुनेत्रा चौगुले, वय एकवीस, डिप्लोमा मेकॅनिकल, नोकरीचा तिसरा दिवस.

मी जागची हलले नाही. कारण ते बटण मी आयुष्यात कधी दाबलंच नव्हतं.

आमच्या कॉलेजात सीएनसी मशीन होतं, नाही असं नाही. पण ते बिघडू नये म्हणून त्याच्यावर कायम प्लॅस्टिकचं कव्हर असायचं. तपासणीला कोणी आलं की कव्हर निघायचं, ते लोक चहा पिऊन गेले की परत चढायचं. आम्ही प्रोग्राम वहीत लिहायचो आणि सर लाल पेनने बरोबरच्या खुणा करायचे. माझ्या वहीत एकही फुली नव्हती. मुलाखतीत दादासाहेबांनी विचारलं होतं, "मशीनची भाषा येते?"

"येते."

"किती दिवस लागले शिकायला?"

"सहा महिने."

"फाडफाड येते?"

"हो साहेब."

खोटं बोलतेय असं मला तेव्हा वाटलंही नव्हतं. वही होती ना माझ्याकडे! पण आता ती हिरवी कळ समोर होती, तिच्यामागे अडीच टनांचं धूड होतं, आणि माझं बोट काही केल्या पुढं सरकेना. मी गर्दीकडे वळून पाहिलं. सगळ्यात मागे यशवंतमामा लोहार उभे होते. तीस वर्षं लेथवर काढलेले, शेडमधले सर्वांत जुने टर्नर. डोक्याला पांढरी टोपी, खिशात कायम एक जुना मायक्रोमीटर.

"मामांच्या हातून होऊ दे," मी म्हटलं. "वडीलधारं माणूस आहे."

टाळ्या पडल्या. दादासाहेब तर विरघळलेच. "बघा! शिकलेली असून संस्कार आहेत," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. मामांनी हात शर्टाला दोनदा पुसला, मशीनला नमस्कार केला आणि बटण दाबलं. हत्यार रिकाम्या हवेत एक फेरी मारून जागेवर आलं. मामांचे डोळे भरून आले होते. माझा जीव भांड्यात पडला होता. वेळ छान मारून नेली, असं मला वाटलं.

शेडच्या दारावर दादासाहेबांच्या वडिलांनी कधीकाळी ऑइलपेंटने एक ओळ लिहवून घेतली होती: 'मशीन चालू करील तो मशीनला जबाबदार.' येता-जाता ती दिसायची. मी कधी तिचा विचार केला नाही.

दुसऱ्या दिवशी पहिला खरा जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, लावला. प्रोग्राम लिहिला, मशीनमध्ये भरला, आणि बोट परत अडलं. "मामा," मी हाक मारली, "तुम्हीच सुरुवात केलीय, आता तुमच्याच हातून." ते आपला लेथ बंद करून आले. आणि तीच रीत पडली. नवा जॉब आला की मी लिहायचं, पहिल्या नगाला मामांनी दाबायचं, पुढचे नग हेल्पर काढायचा.

एक गोष्ट मात्र मी इमानाने करायचे. त्यांनी दाबायच्या आधी मी सगळा प्रोग्राम मोठ्यानं वाचायचे, आणि तोही मराठीत. "आता हत्यार जॉबजवळ धावत येणार. इथं थांबणार. आता हळू, एका फेऱ्याला मिलिमीटरचे वीस शतांश पुढं सरकत कापणार. आता बाहेर." हे मामांसाठी नव्हतं, माझी धडधड कमी व्हावी म्हणून होतं. मामा मान खाली घालून ऐकायचे, बटण दाबायचे, आणि पहिला नग पूर्ण होईपर्यंत तिथंच उभे राहायचे. डोळे मिटून. झोपलेत की काय असं वाटायचं.

"ही बोली यायला किती दिवस लागलं गं तुला?" एकदा त्यांनी विचारलं.

"सहा महिने, मामा."

"हुशार हायस. मला लेथचा आवाज कळाय सात वर्सं गेली."

"मग ही पण शिका की. मी शिकवते."

"छ्या! तुझं इंग्रजी तुझ्यापाशी. मी आपला बटणाचा मानकरी."

ते हसले. मी पण हसले, पण तो शब्द मला टोचला. मानकरी.

मी अस्वस्थ राहू लागले ती तिथूनच. दिवसातून दहादा ठरवायचे, की आज आपण दाबायचं. मामा चहाला गेले की मशीनपाशी जायचे, बोट कळीवर ठेवायचे, काढायचे. पेनचं टोपण चावून चावून त्याचा पार चोथा केला होता. घरी आई विचारायची, जमतंय का गं कामाचं? मी म्हणायचे, हो, मस्त चाललंय. आणि ते खोटंही नव्हतं. जॉब चांगले निघत होते, दादासाहेब खूश होते. बटण कोण दाबतं याच्याशी कोणाला काय करायचंय, असं मी स्वतःला बजावायचे, आणि पाच मिनिटांत परत मशीनपाशी जाऊन उभी राहायचे.

एका सोमवारी, सुट्टीच्या दिवशी, मामांनी जेवायला बोलावलं. टोप गावात त्यांचं दोन खोल्यांचं घर. मामींनी भाकरी, तांबडा, पांढरा असा बेत केला होता. वाढता वाढता त्या म्हणाल्या, "पोरी, तुझं लई उपकार हाईत बघ. तीस वर्सं ह्येंनी लोखंड कातलं, पर असा मान कुणी दिला न्हवता. समद्या गल्लीला सांगून झालंय. शिकल्याली इंजिनेर पोरगी हाय, पर ह्येंच्या हाताबिगर मशीन सुरू करत न्हाई."

"गप गं," मामा म्हणाले. पण चेहरा उजळला होता.

तेव्हाच सांगायला हवं होतं. शब्द ओठांवर आले होते. "मामी," मी म्हटलं, आणि पुढं म्हटलं, "रस्सा वाढा ना थोडा." इतकी भित्री मी होते.

सहाव्या आठवड्यात पुण्याच्या एका पंप कंपनीची ऑर्डर आली. लांब शाफ्ट होते, हातभर लांबीचे. एवढा लांब शाफ्ट एका बाजूने धरला तर कापताना लवतो, म्हणून दुसऱ्या टोकालाही टेकू द्यावा लागतो. मशीनच्या उजव्या अंगाला तो टेकू असतो, त्याला टेलस्टॉक म्हणतात. आम्ही तो तोवर कधी वापरला नव्हता. पहिला नग पाहायला कंपनीचा इन्स्पेक्टर मंगळवारी सकाळी स्वतः येऊन उभा राहिला. शेजारी दादासाहेब, पांढऱ्या शर्टात, सारखे घड्याळ बघत.

मी प्रोग्राम भरला. मामा आले, बटणापाशी बोट नेलं आणि थांबले.

"एकदा वाचून दाखीव की, पोरी."

दादासाहेब म्हणाले, "मॅडम, होऊ दे लवकर. साहेबांना अजून दोन ठिकाणी जायचंय."

पाहुण्यासमोर ते मराठीतलं वाचन करायची मला लाज वाटली. "नेहमीसारखंच आहे, मामा," मी म्हटलं. "दाबा."

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. मग दाबलं.

शाफ्ट झकास कापला गेला. इन्स्पेक्टर मान डोलावू लागला. आणि मग हत्यार परत आपल्या मूळ जागी निघालं. टेकू असताना त्यानं आधी सरळ बाहेर यायचं असतं, आणि पुरतं बाहेर आल्यावर उजवीकडे जायचं असतं. मी वहीतल्या सवयीने दोन्ही हालचाली एकाच ओळीत लिहिल्या होत्या. वहीत टेकू कधी काढलाच नव्हता, तिथं ते चालून जायचं. इथं हत्यार तिरपं धावलं, भरवेगात, आणि थेट टेलस्टॉकवर जाऊन आदळलं.

तो आवाज मला अजून ऐकू येतो. मामांनी झडप घालून मशीन थांबवणारं लाल बटण दाबलं तोवर हत्याराचे तुकडे आतल्या काचेवर उडाले होते, हत्यार धरणारी मोठी गोल चकती वाकडी झाली होती, आणि शाफ्ट त्याला पकडणाऱ्या चकातून निखळून खाली पडला होता. शेडमधले सगळे लेथ एकेक करून थांबले. इन्स्पेक्टर दोन पावलं मागे सरकला.

"कुणी चालू केलं?" दादासाहेब ओरडले. ते स्वतः तिथं उभे होते, त्यांनी पाहिलं होतं. तरी विचारलं.

"म्या," मामा म्हणाले.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण त्यातून काही बाहेर आलं नाही.

"मामा, वय झालं तुमचं," दादासाहेब म्हणाले. "हे काम तुमचं नव्हेच. उद्यापासून पॅकिंगला बसा."

मामांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. बस्स. 'प्रोग्राम हिचा होता' असं ते म्हणाले नाहीत. 'वाच म्हणून सांगितलं होतं' असंही नाही. दुपारी मी त्यांना गाठून विचारलं, "मामा, तुम्ही का घेतलंत अंगावर?"

"बटण कुणी दाबलं? म्याच न्हवं? दारावर लिवलंय काय?" ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "मान घेताना पुढं व्हायचं आन् इस्कोट झाल्यावर मागं सरायचं, आसं कसं चालंल?"

पुढचा अख्खा दिवस मी कसा काढला ते मला सांगता येणार नाही. मशीन बनवणाऱ्या कंपनीचा माणूस येऊन दुरुस्तीला बसला होता, मला काम नव्हतं. मी नुसती फिरत होते. कँटीनपर्यंत जायचं, चहा सांगायचा, न पिता उठायचं. प्रोग्रामचा कागद पन्नास वेळा उघडला, परत मिटला. चुकीची ओळ अशी ठळक दिसत होती की आंधळ्यालाही दिसावी. पॅकिंग शेडच्या मागे होतं, त्या बाजूला जायचं मी टाळत होते. बुधवारी दुपारी शेवटी गेले. मामा खालच्या फरशीवर मांडी घालून बसले होते आणि साध्या लेथवरून आलेले दुसऱ्या ऑर्डरचे तयार शाफ्ट तेलाच्या कागदात गुंडाळत होते. प्रत्येक शाफ्ट गुंडाळण्याआधी खिशातला मायक्रोमीटर काढून मोजत होते. ते काम त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

मी तशीच वळले आणि दादासाहेबांच्या केबिनमध्ये शिरले. दार वाजवायचंही सुचलं नाही.

"साहेब, चूक माझी आहे. प्रोग्रामची ही ओळ बघा."

त्यांनी कागद पाहिला. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण माझा चेहरा कळत होता. "ही चूक कळली नाही तुम्हाला? सहा महिने शिकलाय न्हवं?"

"सहा महिने वहीत लिहिलं, साहेब. कॉलेजात बटण एकदाही दाबलं नव्हतं. इथंही नाही. प्रत्येक वेळी मामांकडून दाबून घेतलं. मला भीती वाटायची."

त्यांनी कागद टेबलावर ठेवला. मग शिपायाला म्हणाले, "मामांना बोलव."

मामा आले, दारातच उभे राहिले. दादासाहेबांनी त्यांना सगळं सांगितलं. हात जोडले, चुकलं म्हणाले, आत्ताच्या आत्ता लेथवर जा म्हणाले. मला वाटलं होतं मामांच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. मी त्यांच्याकडे आशेने पाहत होते, स्वतःवर जराशी खूशही होते, की शेवटी का होईना, खरं बोलले.

मामांनी दादासाहेबांचं नीट ऐकलंच नाही. ते माझ्याकडे बघत होते.

"पयल्या दिवशी," ते म्हणाले, "नारळ फोडला तवा. तवा बी भ्यालीस म्हणूनच?"

"हो, मामा."

"म्हंजे त्यो मान न्हवता."

मी मान खाली घातली.

"आधी सांगायचं हुतंस की गं," ते हळूच म्हणाले. "भीती वाटती म्हणाली आसतीस, तरी दाबलं आसतं म्या. घरात सांगून बसलोय. गल्लीत सांगून बसलोय." आणि ते निघून गेले. मंगळवारी टोपी झटकून उभा राहिलेला माणूस आज एकदम म्हातारा दिसला. पॅकिंगला बसवल्याने ते जेवढे खचले नव्हते, तेवढे माझ्या खरं बोलण्याने खचले.

मला रडू आलं. दादासाहेबांनी ते संपू दिलं, मग म्हणाले, "नोकरीवरनं काढत न्हाई तुम्हाला. दुसरं माणूस आणू कुठनं? इन्स्पेक्टर शनिवारी परत येणार. आता खरं सांगा, पुरतं यायला किती दिवस लागतील?"

"माहीत नाही, साहेब."

"शनिवारी दाबणार का तुम्ही?"

"दाबणार."

शुक्रवारी मशीन उभं राहिलं. शनिवारी सकाळी दहाला तोच इन्स्पेक्टर, तसाच पांढरा शर्ट घातलेले दादासाहेब, तसलाच लांब शाफ्ट. माझ्या पाठीमागे दहा पावलांवर मामा आपल्या जुन्या लेथवर काम करत होते. त्यांची पाठ माझ्याकडे होती. दोन दिवस ते माझ्याशी एक अक्षर बोलले नव्हते.

मी सगळा प्रोग्राम वाचला. मनात वाचला, ओठ हलवत. परतीची ओळ तीनदा वाचली: आधी बाहेर, मग उजवीकडे. डाव्या हाताचा तळवा लाल बटणावर ठेवला. आणि उजव्या हाताचं बोट, जे सहा आठवडे मेलं हलत नव्हतं, ते हिरव्यावर टेकवून दाबलं.

हत्यार धावत आलं, थांबलं, कापू लागलं. मी तिथंच उभी राहिले. आणि मला जाणवलं की शेडमध्ये काहीतरी कमी झालंय. मागचा ओळखीचा घरघराट थांबला होता. मामांनी आपला लेथ बंद केला होता.

मी वळले नाही, नजर हत्यारावर होती. कापणं संपलं. हत्यार सरळ बाहेर आलं, पुरतं बाहेर, आणि मग निवांत उजवीकडे गेलं. इन्स्पेक्टरने शाफ्ट हातात घेतला, मोजला, उजेडाकडे धरला. "माप बरोबर आहे," तो म्हणाला. "पण वरून जरा खरखरीत आलाय."

"पंचवीस टाकलीस," मागून आवाज आला. "वीस कर."

मी वळले. मामा पाठमोरेच होते, हात आपल्या बंद लेथवर. मी कागद पाहिला. एका फेऱ्याला हत्यार किती शतांश पुढं सरकायचं तो आकडा. शाफ्ट लवकर व्हावा म्हणून मी नेहमीच्या विसाऐवजी पंचवीस लिहिला होता. आज मी तो मोठ्यानं वाचला नव्हता, आणि तो कागद मामांनी पाहिलाही नव्हता.

"मामा, तुम्हाला कसं कळलं?"

"सा आठवडं कानाशी वाचत हुतीस की," ते म्हणाले. "तू वाचायचीस आन् त्ये कापायचं. दोन्ही ऐकत हुतो." आणि त्यांनी आपला लेथ सुरू केला.

मी वीस केला. दुसरा शाफ्ट आरशासारखा निघाला.

त्यानंतर मामा माझ्याशी बोलू लागले. पुढची सहा वर्षं मी लिहायचे आणि ते ऐकायचे. आवाजावरून कुठला आकडा चुकलाय ते सांगायचे, आणि मी दुरुस्त करायचे. आता माझं स्वतःचं वर्कशॉप आहे, मुलं शिकायला येतात, पहिल्याच दिवशी विचारतात, मॅडम, ही भाषा पुरती यायला किती दिवस लागतात? मी त्यांना काहीतरी आकडा सांगून टाकते. त्यांना तो हवा असतो.

पण मला आठवतात त्या सहा खंडेनवम्या. दर वर्षी मशीनची पूजा व्हायची, नारळ फुटायचा, आणि मी मामांपुढे जाऊन म्हणायचे, "मामा, बटण तुमच्या हातून होऊ दे." अगदी मनापासून म्हणायचे. तेव्हा मी ते मशीन डोळे मिटून चालवू शकत होते, भीतीचा लवलेश उरला नव्हता. मामा हसायचे.

"का गं? परत भ्या वाटाय लागलं व्हय?" असं म्हणायचे, आणि दोन्ही हात खिशात घालायचे.